घरात येणारी तार आणि एकच जमीन



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी इथल्या कितीतरी मुलांना रेडिओचं वेड लावलं. परवाना कसा काढायचा, मोर्स कसा पाठ करायचा, तांब्याची तार मोजून कशी कापायची, हे सगळं त्यांनी शिकवलं. आणि त्याच्याही आधी अर्थिंग शिकवलं. म्हणून अँटेना ट्रान्सीव्हरला सुरक्षितपणे कशी जोडायची आणि ती जमिनीशी कशी बांधायची, हा विषय मी आज घेतला आहे. समोर हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणारी, मंडळी आहेत, इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आहेत, आणि ज्यांच्या सोसायटीच्या गच्चीवर कोणीतरी अँटेना लावायची परवानगी मागतंय अशीही मंडळी आहेत. तिघांनाही उपयोगी पडेल असं बोलण्याचा प्रयत्न करतो.

सुरुवात रेडिओच्या जन्माआधी जवळजवळ दीडशे वर्षांपासून करू. 1752 च्या मे महिन्यात पॅरिसजवळच्या मार्ली गावी दालिबार याने उंच लोखंडी सळई उभारली आणि ढगातली वीज तिच्यातून खाली येते हे दाखवून दिलं. कल्पना बेंजामिन फ्रँकलिनची होती. बातमी युरोपभर पसरली आणि सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीतले प्राध्यापक गेऑर्ग रिखमान यांनी तोच प्रयोग आपल्या घरी मांडला. छपरावर लोखंडी सळई, ती घरापासून काचेने अलग केलेली, आणि तिच्यापासून खोलीत आणलेली तार. तारेच्या टोकाला धातूची पट्टी आणि पट्टीला टेकलेला एक दोरा. विजेचा जोर वाढला की दोरा पट्टीपासून दूर सरके. किती सरकला यावरून मोजमाप घ्यायचं. ही तार जमिनीला कुठेही जोडलेली नव्हती. जोडली असती, तर दोरा हललाच नसता.

6 ऑगस्ट 1753 रोजी गडगडाट ऐकून रिखमान अकादमीतून घाईने घरी आले. जे दिसेल त्याचं चित्र काढायला सोकोलोव हा कोरीवकाम करणारा कलावंत सोबत होता. रिखमान दोरा वाचायला पट्टीजवळ वाकले आणि पट्टीतून निघालेला विजेचा लोळ थेट त्यांच्या कपाळावर आदळला. ते जागीच गेले. कपाळावर लाल डाग होता, पायातला एक बूट फाटला होता, खोलीच्या दाराची चौकट उखडली होती. सोकोलोव बेशुद्ध पडला, पण वाचला. रिखमान यांचे सहकारी लोमोनोसोव त्याच वेळी आपल्या घरी तसाच प्रयोग करत होते. या घटनेचा तपशील आपल्याकडे त्यांच्या पत्रातून आला आहे.

फाटलेल्या बुटाकडे नीट पाहा. वीज कपाळातून शिरली आणि पायातून जमिनीत गेली. उंचावरची तार खोलीपर्यंत आली होती आणि वाटेत तिला जमीन कुठेच भेटली नव्हती. जमिनीकडे जाणारा रस्ता तिला मिळाला तो माणसाच्या शरीरातून. आपल्यापैकी ज्यांच्या गच्चीवर डायपोल (दोन पायांची तारेची अँटेना) टांगलेला आहे आणि ज्याची केबल खिडकीच्या फटीतून सरळ टेबलावरच्या ट्रान्सीव्हरला लागली आहे, त्यांची मांडणी मूलतः रिखमान यांचीच आहे.

रिखमान यांच्याच सेंट पीटर्सबर्गमध्ये 1895 साली अलेक्झांडर पोपोव यांनी दूरवरच्या विजांच्या लहरी टिपणारं यंत्र दाखवलं. त्यातही उंच तार होती. पण पोपोव यांच्या मांडणीत ती ग्राहकयंत्रातून पुढे जमिनीला जोडलेली होती. रेडिओच्या अगदी सुरुवातीच्या ग्राहकांपैकी हा एक विजेचा नोंदक होता आणि त्याच्या रचनेतच जमीन होती, हे रेडिओवाल्यांनी तरी विसरू नये. पुढे मार्कोनी यांनी प्रक्षेपणासाठीही एक टोक आकाशात आणि दुसरं जमिनीत अशीच रचना वापरली. तेव्हापासून ‘अर्थ’ हा रेडिओच्या शब्दकोशातला पहिला शब्द झाला, आणि गोंधळही तिथूनच सुरू झाला. कारण एकाच शब्दाखाली आपण तीन वेगवेगळी कामं भरतो.

पहिलं काम घरातल्या वीजपुरवठ्याचं. पॉवर सप्लायमध्ये बिघाड होऊन 230 व्होल्टची फेज त्याच्या धातूच्या पेटीला लागली, तर तो प्रवाह अर्थच्या तारेतून वाहावा, फ्यूज किंवा आरसीसीबी (गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच) उडावी आणि पेटीला हात लावणारा माणूस वाचावा. दुसरं काम आकाशातल्या विजेचं. अँटेनावर वीज पडली, किंवा शेजारच्या झाडावर पडून अँटेनात लाट उठली, तर ती घराबाहेरच जमिनीत उतरवायची. तिसरं काम रेडिओलहरींचं. अँटेनात जाणाऱ्या उच्च वारंवारतेच्या प्रवाहाला परतीची वाट हवी असते, मग ती जमिनीवर पसरलेल्या रेडियल तारांची असो की डायपोलच्या दुसऱ्या पायाची. ही तिन्ही कामं निराळी आहेत. एका कामासाठी टाकलेली तार दुसरं काम आपोआप करत नाही.

उदाहरण देतो. वरच्या मजल्यावरच्या खोलीतून खाली बागेतल्या सळईपर्यंत दहा मीटर तार टाकली. 50 हर्ट्झच्या वीजपुरवठ्याला ती उत्तम. पण 40 मीटरच्या बँडवर, म्हणजे सुमारे 7 मेगाहर्ट्झला, दहा मीटर हा तरंगलांबीचा चौथा हिस्सा होतो. अशा तारेचं खालचं टोक जमिनीत असलं, तरी वरच्या टोकाला ट्रान्सीव्हरला जमीन ‘दिसत’ नाही. तिथे उलट मोठा अडथळा उभा राहतो. मग बोलताना मायक्रोफोनला ओठ लागला की चटका बसतो आणि शेजारच्या स्पीकरमधून आपलाच आवाज घरघरतो. हे अर्थिंगने सुटणारं दुखणं नाही. त्यावर उपाय अँटेनापाशी आहे: डायपोलचे दोन्ही पाय समतोल ठेवणं, केबलवर फेराइटचा चोक घालणं, काउंटरपॉइजची, म्हणजे जमिनीच्या जागी काम करणारी, तार लावणं. अशा वेळी हॅम माणूस वैतागून दुसरी अर्थची सळई ठोकतो, आणि इथूनच खरा धोका सुरू होतो. माझ्या आजच्या बोलण्याचा गाभाही हाच आहे.

आपल्याकडे एक समज पक्का आहे. घराचं अर्थिंग ‘खराब’ असतं, म्हणून रेडिओला ‘स्वतंत्र’ अर्थिंग द्यावं. वायरमन सांगतो, दुकानदार सांगतो, जाणता शेजारीही सांगतो. मागच्या अंगणात खड्डा खणतात, मीठ-कोळसा घालून जीआय पाइप उभा करतात आणि तिथून तार आणून ट्रान्सीव्हरच्या मागच्या जीएनडी स्क्रूला आवळतात. घराचा अर्थ मीटरजवळ पुढच्या बाजूला. रेडिओचा अर्थ मागे. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, आणि त्यालाच शुद्ध अर्थ म्हणून नावाजलं जातं.

आता हिशेब करू. मागच्या खड्ड्याचा रोध 10 ओहम आहे असं धरा. तो वाईट म्हणता येणार नाही. आकाशातल्या विजेच्या पहिल्या झटक्यात साधारण 30,000 अँपिअरचा प्रवाह असतो. त्यातला फक्त 1,000 अँपिअर आपल्या अँटेनातून त्या खड्ड्यात गेला असं समजू. 1,000 गुणिले 10 म्हणजे 10,000 व्होल्ट. त्या क्षणी मागच्या खड्ड्यातली जमीन पुढच्या जमिनीपेक्षा 10,000 व्होल्टने वर उचलली जाते. ट्रान्सीव्हरच्या एका बाजूला अँटेनाची केबल आहे, ती मागच्या जमिनीशी बांधलेली. दुसऱ्या बाजूला पॉवर सप्लाय आहे, तो घराच्या अर्थशी बांधलेला. ट्रान्सीव्हर दोन डगरींवर पाय ठेवून उभा आहे, आणि त्यातली एक डगर अचानक वर जाते. या दोन जमिनींना जोडणारी सगळ्यात सोपी वाट कोणती? टेबलावरचा रेडिओ. आणि रेडिओच्या बटणावर हात असेल, तर माणूस.

जमीन वीज गिळून टाकते आणि मग सगळं शांत होतं, ही कल्पना सोडून द्या. कुठलाही खड्डा शून्य ओहमचा नसतो. विजेचा लोंढा आला की जमिनीचाही विद्युतदाब वर चढतो. वाचायचं असेल तर घरातली प्रत्येक गोष्ट एकत्र वर जाऊन एकत्र खाली यावी लागते. अँटेनाची जमीन, विजेच्या मीटरची जमीन, केबल टीव्हीची जाळी, इंटरनेटच्या धातूच्या केबलची जाळी, सगळं घराबाहेर एका जागी जाड तांब्याने बांधलेलं असेल, तर त्यांच्यात फरक पडत नाही. आणि फरक नाही तर रेडिओतून प्रवाह वाहायला कारण उरत नाही. भारतीय मानक आयएस 3043 आणि वीजसंरक्षणाचं आयएस/आयईसी 62305 यांचाही भर याच एकत्र बांधण्यावर आहे. खड्डे दोन खणा, चार खणा, काही हरकत नाही. ते जमिनीखालून एकमेकांना आणि घराच्या मुख्य अर्थला जोडले गेलेच पाहिजेत. न जोडलेला चांगला खड्डा हा जोडलेल्या मध्यम खड्ड्यापेक्षा जास्त घातक असतो.

मग अँटेनापासून टेबलापर्यंत कसं यायचं, ते क्रमाने पाहू.

सगळ्यात आधी मास्तुलाची जागा. अँटेना, मास्तूल आणि त्याचा आधार उभा करताना किंवा वाऱ्यात पडताना कुठल्याही बाजूने वीजवाहिनीला लागता कामा नये. 11 किलोव्होल्टच्या तारा गावातून घराशेजारून जातात, शेतातून जातात. मास्तुलाच्या एकूण उंचीच्या दीडपट तरी अंतर सोडा. एवढं अंतर मिळत नसेल, तर तिथे मास्तूल नको. वीजवाहिनीवर पडलेला पाइप धरणाऱ्याला कुठलंही अर्थिंग वाचवत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे केबल घरात कुठून शिरते ती जागा. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, जमिनीच्या जितकी जवळ जमेल तितकी, तांब्याची किंवा पितळेची पट्टी बसवा. प्रत्येक कोॲक्स केबलची जाळी या पट्टीला बांधा आणि आतल्या मधल्या तारेसाठी लाइटनिंग अरेस्टर लावा. त्यातली गॅस डिस्चार्ज ट्यूब विचार करून निवडायची असते. 50 ओहमच्या केबलवर 100 वॅटचा शिखरव्होल्टेज 100 व्होल्ट होतो; एसडब्ल्यूआर, म्हणजे केबल आणि अँटेना यांच्या बेमेळाचं माप, तीनवर गेला तर 150. इथे 90 व्होल्टची ट्यूब लावली तर ती आपल्याच आवाजाने पेटेल. 230 व्होल्टची लावली तर ती बोलताना गप्प राहील आणि विजेची लाट आली की पेटून ती जमिनीकडे वळवेल.

तिसरी गोष्ट, पट्टीपासून जमिनीपर्यंतची तार. इथे आपण तारेची जाडी मोजतो आणि लांबीकडे दुर्लक्ष करतो. सरळ तारेचं इंडक्टन्स एका मीटरला सुमारे 1 मायक्रोहेन्री असतं. विजेचा प्रवाह दर मायक्रोसेकंदाला 10,000 अँपिअरने चढत असेल, तर तेवढ्या एका मीटरच्या दोन टोकांमध्ये 10,000 व्होल्ट उभे राहतात. तार कितीही जाड घ्या, हा आकडा फारसा हलत नाही. म्हणून तार आखूड, सरळ आणि खाली जाणारी हवी. वळण आलंच तर मोठा बाक द्यायचा, काटकोन नको. उरलेली तार गुंडाळी करून ठेवायची तर मुळीच नाही. गोल तारेपेक्षा रुंद पट्टी बरी. सांधे क्लॅम्पने किंवा बोल्टने आवळावेत. सोल्डरवर विसंबू नये, कारण विजेच्या प्रवाहाने तो वितळून सांधा सुटतो. तांबं आणि जस्त चढवलेलं लोखंड थेट एकमेकांवर दाबलं तर ओलाव्यात गंज धरतो, म्हणून मध्ये योग्य लग किंवा दोन्हींना चालणारा क्लॅम्प ठेवावा.

केबलची बाहेरची टोकं तर प्रत्येकाने स्वतः एकदा उघडून बघावीत. पीएल-259 कनेक्टर नीट झाकला नसेल, तर एका पावसाळ्यात पाणी जाळीतून आत शिरतं आणि दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं मीटर-दोन मीटर सरकतं. चाकूने वरचं आवरण कापलं की आत चकचकीत तांब्याऐवजी काळपट-हिरवी भुकटी दिसते. ही जाळी रेडिओलाही निकामी आणि अर्थिंगलाही निकामी. कनेक्टरवर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, वर साधी काळी टेप द्या, आणि केबल भिंतीत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून टपकून जाईल.

आत टेबलामागे आणखी एक छोटी तांब्याची पट्टी ठेवा. ट्रान्सीव्हर, पॉवर सप्लाय, ट्यूनर, एसडब्ल्यूआर मीटर यांच्या पेट्या प्रत्येकी एका आखूड तारेने या पट्टीला बांधा, आणि पट्टीपासून जाड तार बाहेरच्या पट्टीपर्यंत न्या. एका उपकरणातून दुसऱ्यात अशी माळ करू नका. जोडणी करताना वीज बंद ठेवा. आधी अर्थ, मग अँटेना, शेवटी पॉवर. प्रक्षेपणाआधी अँटेना किंवा 50 ओहमचा डमी लोड लागला आहे याची खात्री करा. पहिल्यांदा पाच-दहा वॅटवर एसडब्ल्यूआर बघून मगच शक्ती वाढवा, नाहीतर अंतिम टप्प्यातल्या ट्रान्झिस्टरवर ताण येतो.

आता भिंतीतल्या सॉकेटबद्दल. आपल्याकडे जुन्या घरांत तीन पिनांच्या सॉकेटची वरची मोठी पिन कित्येकदा शोभेपुरतीच असते. मागे तार नसतेच. त्याहून वाईट म्हणजे अर्थ मिळत नाही म्हणून सॉकेटच्या आतच न्यूट्रलपासून अर्थच्या टोकाला दिलेला जंपर. टेस्टरने तपासलं तर सगळं ठीक दिसतं. पण ज्या दिवशी न्यूट्रल कुठेतरी तुटेल, त्या दिवशी उपकरणाची पेटी, तिला बांधलेली केबलची जाळी आणि गच्चीवरचं मास्तूल, सगळं 230 व्होल्टवर येईल. त्या वेळी मास्तुलावर चढलेला माणूस आपला मित्र असेल. म्हणून रेडिओ लावण्याआधी परवानाधारक वायरमनकडून सॉकेट उघडून घ्या, जंपर काढून टाका, खरा अर्थ आणा आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा.

आणि आपली जमीन? दख्खनच्या पठारावर वरची माती दोन-चार फूट, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. कोकणात जांभा. अडीच मीटरचा पाइप सरळ उतरेल अशी जागा सगळ्यांच्या नशिबी नसते. तिथे खोलीचा हट्ट सोडून पसारा वाढवावा: घराभोवती चर खणून पट्टी आडवी टाकावी, जमेल तिथे सळया द्याव्यात, दोन सळयांत त्यांच्या लांबीच्या दुप्पट अंतर ठेवावं आणि सगळ्या एकमेकींना बांधाव्यात. यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट ऋतूची आहे. आपण अर्थ टेस्टर लावतो तो बहुधा पावसाळ्यात किंवा दिवाळीत, जेव्हा जमीन ओली असते आणि आकडा सुंदर येतो. महाराष्ट्रातल्या विजा मात्र मोठ्या प्रमाणात वळिवाच्या असतात. एप्रिल-मे मध्ये काळी माती भेगाळलेली असते, खड्डा कोरडा असतो आणि त्याच दिवसांत दुपारनंतर आभाळ भरून येतं. रोध सगळ्यात जास्त आणि विजाही सगळ्यात जास्त, असा तो काळ. म्हणून मोजमाप मे महिन्यात घ्यावं. तेव्हाचा आकडा खरा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना खड्डाच नाही. त्यांची अडचण मला ठाऊक आहे. इमारतीला वीजवाहक (लाइटनिंग कंडक्टर) असेल, तर गच्चीवरच्या मास्तुलाची आणि केबलच्या जाळीची जोडणी त्याच्या पट्टीशी जाणकाराकडून आणि सोसायटीच्या लेखी परवानगीने करून घ्यावी. आत येताना तीच जाळी फ्लॅटच्या अर्थशीही जोडलेली असावी. नळाच्या पाइपवर अर्थ देऊ नका. आज तो पीव्हीसीचा असतो. गॅसच्या पाइपवर तर कधीच नाही. रेडिओलहरींसाठी जमीन मिळत नाही म्हणून खिन्न होऊ नका. समतोल डायपोलला तिची गरज नसते.

एवढं करूनही थेट पडलेल्या विजेपुढे रेडिओ वाचेलच असं कोणी सांगू शकत नाही. ही सगळी मांडणी आधी माणसासाठी, मग घराला आग लागू नये म्हणून, आणि शेवटी यंत्रासाठी आहे. म्हणून वादळ येण्याआधी केबल सोडावी, ती घराबाहेरच्या पट्टीपाशी. घरात सोडलेलं टोक काचेच्या बाटलीत घालून निश्चिंत होणारे लोक आहेत. कित्येक किलोमीटर हवा फोडून आलेल्या विजेला दोन मिलिमीटर काच अडवणार नाही. रिखमान यांची सळईही काचेवरच उभी होती. आणि वीज कडाडू लागल्यावर केबलला हात लावायचा नाही. चमक आणि गडगडाट यांत तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. अर्ध्या मिनिटाच्या आत गडगडाट आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि वेळ टळून गेली आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ ॲप दिलं आहे. आसपास पडणाऱ्या विजा त्यावर दिसतात. ते प्रत्येक हॅमच्या फोनवर असावं. भारतात दर वर्षी दोन हजारांहून जास्त माणसं वीज पडून मरतात, आणि त्यांतली बहुतेक उघड्यावर काम करणारी असतात. आपण घरात बसून हा धोका स्वतःकडे तारेने ओढून आणू नये.

कोणी विचारेल, एवढा खटाटोप एका छंदासाठी? 2004 च्या डिसेंबरमध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हॅमचं एक पथक आपल्या छंदासाठीच पोर्ट ब्लेअरला गेलेलं होतं. अंदमानात टेलिफोन गप्प झाले आणि त्याच केंद्राने मुख्य भूमीशी निरोपांची वाट उघडी ठेवली. हॅम रेडिओची वेळ येते ती पूर, चक्रीवादळ, भूकंप यांच्या वेळी. म्हणजे आभाळ सगळ्यात वाईट असतं तेव्हा हे केंद्र उभं राहिलं पाहिजे. ऐनवेळी ते जळलेलं असेल, किंवा ते चालवायची भीती वाटत असेल, तर परवान्याच्या कागदाला अर्थ उरत नाही.

म्हणून इथल्या हॅम मंडळींकडे माझ्या तीन मागण्या आहेत. एक, आपल्या घरात बाहेरून येणारी प्रत्येक धातूची तार कागदावर काढा, ती जमिनीला कुठे भेटते आणि बाकीच्यांशी कुठे बांधली आहे ते दाखवा, आणि तो नकाशा ट्रान्सीव्हरच्या मागे चिकटवा. दोन, दर मे महिन्यात तो नकाशा घेऊन क्लॅम्प आवळा, सांधे साफ करा, रोध मोजून तारखेसह लिहून ठेवा. तीन, नव्या परवानाधारकाला पहिलं प्रक्षेपण करू देण्याआधी जुन्या माणसाने त्याच्या घरी जाऊन सॉकेट, बाहेरची पट्टी आणि त्यांना बांधणारी तार स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी. परवान्याच्या परीक्षेत मुलगा प्रश्नांची उत्तरं देतो. त्याच्या घरची जमीन कोणी तपासत नाही. ते काम त्याच्या आधी परवाना मिळालेल्या आपल्या सगळ्यांचं आहे, आणि या वर्षीचा मे कोरडा जाण्याआधी आपण ते सुरू करावं, ही माझी विनंती आहे.